नेवाडाच्या वाळवंटी डोंगरांत म्यूल डिअर: परवान्यापासून मटणापर्यंत, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांत शिकारीकडे वळणारे थोडेच, आणि जे वळतात त्यांना विचारायला घरात कोणी नसतं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. इथल्या माणसाला बाप किंवा मामा लहानपणीच सगळं शिकवतो. आपल्याला अर्ज कधी भरायचा इथपासून सुरुवात करावी लागते. गेल्या काही वर्षांत रीनो, लास व्हेगास आणि बे एरियातल्या ओळखीच्या लोकांनी मला तेच तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहितो.

जनावर म्यूल डिअर, म्हणजे इथलं लांब कानांचं हरीण, आणि जागा म्हणून मध्य नेवाडा धरला आहे. हायवे ५०वर ऑस्टिन, दक्षिणेला टोनोपा, आणि या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात उत्तर-दक्षिण पसरलेल्या टोयाबी, टोकीमा आणि मॉनिटर या तीन डोंगररांगा. खालची खोरी सहा हजार फुटांच्या आसपास, सगळीकडे सेजब्रशची राखाडी झुडपं; वरच्या धारा दहा-अकरा हजार फुटांवर. टोयाबीतलं आर्क डोम शिखर ११,७७३ फूट आहे. पाणी कमी, माणूस त्याहून कमी. यातली बहुतेक जमीन केंद्र सरकारची, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस किंवा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, त्यामुळे तिथे हिंडायला कुणाच्या शेताची परवानगी लागत नाही.

१. बंदुकीला हात लावण्याआधी तुमचा व्हिसा बघा

हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण इथली चूक निस्तरता येत नाही.

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर जे देशात आले आहेत त्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. तो हातात असेल तर बंदी लागू होत नाही. ग्रीनकार्डधारकांना ही विशिष्ट बंदी मुळातच लागू नाही.

लोक इथे दोन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे, परवाना शिकारीपुरता घ्यायचा असतो असं समजून मुदत संपल्यावर तो नवा करत नाहीत, आणि रायफल मात्र कपाटात तशीच असते. परवाना संपला त्या दिवसापासून ती रायफल घरात असणं हाच गुन्हा होतो. नेवाडाचा वार्षिक परवाना विकत घेतल्या दिवसापासून वर्षभर चालतो. ती तारीख कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसकट लिहून ठेवा. दुसरं म्हणजे, मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर ‘नुसती चालवून बघायची’ असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. म्हणून आधी परवाना, मग रेंज. बंदुकीच्या गुन्ह्याचा परिणाम दंडापुरता राहत नाही, तो थेट तुमच्या इमिग्रेशनवर होतो. ग्रीनकार्डचा अर्ज चालू असेल आणि मनात जराही शंका असेल तर वकिलाला एकदा विचारा. ते पैसे वाया जात नाहीत.

केंद्रीय कायद्याच्या भाषेत धनुष्य म्हणजे बंदूक नव्हे. व्हिसावर असलेल्या कितीतरी जणांनी याच कारणाने धनुष्यापासून सुरुवात केली आहे, आणि ती वाट चांगली आहे. शिकार परवाना मात्र धनुष्यालाही लागतोच.

२. कागदपत्रं जमवा

१ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्या कुणालाही हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय नेवाडात शिकार परवाना मिळत नाही. कोर्स ऑनलाइन होतो, अवघड नाही, पण घाईत उरकू नका. गोळी लक्ष्याच्या पलीकडे कुठे जाईल, कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची, हे तुम्हाला दुसरीकडे कोणी इतकं पद्धतशीर शिकवणार नाही. दुसऱ्या राज्यात केलेल्या कोर्सचं प्रमाणपत्रही चालतं.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र
- नेवाडाचा शिकार परवाना
- तुमच्या नावाचा हरणाचा टॅग (टॅग म्हणजे एका जनावराची परवानगी, परवान्यापेक्षा वेगळा)
- राज्याने दिलेलं फोटो असलेलं ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- व्हिसावर असाल तर पासपोर्ट, आय-९४ची प्रत; ग्रीनकार्ड असेल तर ते

बंदूक विकत घेताना दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो. नागरिक नसलेल्यांना त्यात एलियन नंबर किंवा आय-९४चा क्रमांक द्यावा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला शिकार परवान्याचा अपवाद माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे. वाद घालत बसू नका. नागरिक नसलेल्यांना नेहमी विक्री करणारं दुकान शोधा.

नेवाडाचे रहिवासी म्हणून स्वस्त दर हवा असेल तर राज्यात सहा महिने वास्तव्य झालेलं असावं लागतं. फरक मोठा आहे: गेली काही वर्षं रहिवाशाला हरणाचा टॅग ३० डॉलरला, बाहेरच्याला २४० डॉलरला पडतो, परवान्याचे पैसे वेगळे.

३. टॅगच्या सोडतीत उतरा

नेवाडात दुकानात जाऊन हरणाचा टॅग विकत घेता येत नाही. सगळे टॅग सोडतीने वाटले जातात, कारण हरणं मुळात कमी आहेत. राज्यात १९८८च्या सुमाराला म्यूल डिअरची संख्या दोन लाख चाळीस हजारांच्या घरात होती. आज ती लाखाच्याही खाली आहे. दुष्काळ, वणव्यांनंतर माजलेलं चीटग्रास नावाचं तण आणि हिवाळ्यातल्या चराईच्या जागा कमी होणं, ही मुख्य कारणं. त्यामुळे दरवर्षी प्रत्येक युनिटमधली (शिकारीसाठी राज्याचे पाडलेले भाग) संख्या पाहून टॅग ठरतात.

अर्ज नेवाडा डिपार्टमेंट ऑफ वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर वसंतात भरायचे असतात. मुदत साधारण मेच्या मध्यापर्यंत आणि निकाल मेअखेरीच्या सुमाराला. हरणासाठी पाच पसंती देता येतात. टॅग न मिळाल्यास एक बोनस पॉइंट जमा होतो, आणि त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे: तुमच्या पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात, आणि तितक्या संख्या संगणक तुमच्यासाठी काढतो. त्यातली सगळ्यात लहान संख्या तुमची, आणि ज्याची संख्या लहान त्याचा नंबर आधी. म्हणजे तीन पॉइंट असतील तर दहा संधी, पाच असतील तर सव्वीस. एखादं वर्ष जायचं नसलं तरी नुसत्या पॉइंटसाठी अर्ज करता येतो.

मोसम हत्यारानुसार वेगळे. बहुतेक युनिटांत धनुष्याचा १० ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतो, मझललोडरचा (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक) १० सप्टेंबरच्या, आणि रायफलचा ५ ऑक्टोबरच्या. सगळ्यांना ऑक्टोबरअखेरचा रायफलचा टॅग हवा असतो, म्हणून तोच मिळायला सगळ्यात कठीण. नव्या माणसाला माझा सल्ला: पाचही पसंत्या नामांकित युनिटांवर उधळू नका. पहिल्या दोन हव्या तिथे द्या; पुढच्या तीन धनुष्याच्या, मझललोडरच्या किंवा रायफलच्या लवकरच्या मोसमासाठी द्या. मोठ्या शिंगांच्या नराची वाट बघत दहा वर्षं घरी बसण्यापेक्षा साध्या टॅगवर डोंगर शिकलेला माणूस पुढे जातो, याबद्दल मला शंका नाही.

लोकांनी परत केलेले टॅग उन्हाळ्यात ‘पहिला येईल त्याला’ या पद्धतीने मिळतात. त्यावरही लक्ष ठेवा.

४. घरी बसून नकाशा वाचा

टॅग मिळाला की आधी वाइल्डलाइफ खात्याने काढलेली त्या युनिटची माहितीपत्रकं वाचा. हरणं कोणत्या उंचीवर असतात, रस्ते कसे आहेत, खासगी जमीन कुठे आडवी येते, हे त्यात लिहिलेलं असतं. शंका उरली तर विभागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. नेमका प्रश्न विचारला की ते मनापासून सांगतात. ‘हरणं कुठे आहेत?’ असं विचारू नका. ‘यंदा युनिटच्या दक्षिण भागातले झरे वाहताहेत का?’ असं विचारा.

मग नकाशा. ऑनएक्ससारख्या ॲपवर जमिनीची मालकी दिसते. भाग आधी फोनमध्ये उतरवून घ्या, कारण खोऱ्यात नेटवर्क नसतं. सह्याद्रीत ट्रेक केलेल्याला इथे फायदा होतो, कारण सोंड, खिंड, घळ, पठार ओळखायची नजर तयार असते. पण सह्याद्रीत वाट कुठे तरी गावात उतरते. इथे घळ उतरून खाली गेलात तर पुढे वीस-वीस मैल रिकामं खोरं असतं.

नकाशावर मी या गोष्टी शोधतो: उत्तरेकडे तोंड असलेले उतार, त्यात माउंटन महॉगनीची गर्द झुडपं, त्यांच्या खाली किंवा बाजूला बिटरब्रश आणि स्नोबेरीच्या लहान झुडपांची मोकळी जागा, आणि मैल-दीड मैलात पाणी. ॲस्पेनच्या झाडांचा पट्टा उपग्रहचित्रात फिकट हिरवा दिसतो. तिथे ओल असतेच. नकाशावर दाखवलेल्या प्रत्येक झऱ्यात पाणी असेल असं मात्र गृहीत धरू नका, ऑगस्टमध्ये त्यातले कितीतरी कोरडे पडतात. खात्याने स्वयंसेवकांच्या मदतीने पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याही बांधल्या आहेत, त्यांना गझलर म्हणतात.

अशा पाच-सहा जागा निवडा आणि त्यांना मोटारीच्या रस्त्यापासून किती चालावं लागतं ते मोजा. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात, उदाहरणार्थ आर्क डोम, आल्टा टोकीमा किंवा मॉनिटर रांगेतला टेबल माउंटन, गाडी, एटीव्ही, सायकल काहीच चालत नाही. हीच त्यांची जमेची बाजू. रस्त्यापासून दोन मैल आत गेलं की माणसं झपाट्याने विरळ होतात.

५. उन्हाळ्यात टेहळणी करा

सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. माझ्याकडे वर्षाला चार मोकळे शनिवार-रविवार असतील तर त्यातले तीन मी जुलै-ऑगस्टच्या टेहळणीला देईन आणि एकच शिकारीला.

जुलैत नरांची शिंगं मखमलीत असतात, वाढत असतात. नाजूक असल्यामुळे ते दाट झाडीत शिरत नाहीत, मोकळ्या उतारावर चार-पाच नर एकत्र चरतात. अंगावरची केसाळी तेव्हा तांबूस असते आणि राखाडी सेजवर ती मैलभरावरूनही उठून दिसते. ऑगस्टच्या शेवटी मखमल गळते, तांबूस रंग जाऊन राखाडी येतो आणि तेच नर महॉगनीत दडून बसतात. ऑक्टोबरात पहिल्यांदा येणारा माणूस म्हणतो ‘इथे हरणंच नाहीत’. हरणं बहुधा तिथेच, फार तर एखाद्या मैलावर असतात.

उजाडायच्या आधी समोरच्या धारेवर पोचा. ज्या उतारावर हरणं असावीत असं वाटतं त्यावर चालत जाऊ नका, त्याच्या समोरच्या उतारावर बसा. सूर्य पाठीमागे राहील अशी जागा घ्या. दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातात धरलेल्या दुर्बिणीत हलणारा कान दिसत नाही. १०×४२ची दुर्बीण पुरते, १५×५६ असेल तर उत्तम. स्पॉटिंग स्कोपवर (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) मात्र पहिल्याच वर्षी पैसे घालू नका.

उताराचे मनात पट्टे पाडा आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश बघा. पूर्ण हरीण शोधू नका. उभ्या झुडपांत एखादी आडवी रेष दिसली तर ती पाठ असते. महॉगनीच्या बुडाशी सावलीत काळा ठिपका दिसला, तो पाच मिनिटं बघूनही हलला नाही, आणि मग अचानक बाजूला पिंपळपानाएवढं काहीतरी फडफडलं, तर तो ठिपका म्हणजे नाक आणि फडफडला तो माशी हाकलणारा कान. म्यूल डिअरचे कान खेचरासारखे लांब. ते बसलं असलं तरी कान स्वस्थ राहत नाहीत.

सकाळी आठ-साडेआठला हरणं बसली की बहुतेक जण उठून गाडीकडे जातात. थांबा. दहा-अकराच्या सुमाराला ऊन सरकतं, बसलेल्या नराच्या अंगावर येतं, आणि तो उठून दोन-चार पावलं सरकून पुन्हा सावलीत बसतो. सकाळभर न दिसलेला नर त्या अर्ध्या मिनिटात दिसतो.

पाणवठ्यावर दुपारी जा, पण झऱ्यात गुरांचा आणि रानघोड्यांचा चिखल असेल तर माग वाचणं कठीण जातं. कडेच्या ओल्या मातीत बघा. खुराच्या ठशाची कड धारदार असेल तर ताजा, कोसळलेली असेल तर जुना. लेंड्या चकचकीत काळ्या असतील तर रात्रीच्या. नुसत्या खुरावरून नर-मादी ठरवू नका.

तीन नियम लक्षात असू द्या. सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावता येत नाही, आणि फोनवर चित्र पाठवणारा असेल तर १ जुलैपासूनच. ड्रोनने जनावर शोधणं बेकायदा आहे. आणि जनावरांचं पाणी अडेल अशा रीतीने पाणवठ्यापासून शंभर यार्डांच्या आत मुक्काम टाकता येत नाही. हा शेवटचा नियम कायद्यासाठी तर पाळाच, पण तुमच्या स्वतःच्या फायद्याचाही आहे. त्या डोंगरात एकच झरा असेल आणि तुम्ही तिथे तंबू ठोकलात, तर ज्यांना शोधायला आलात तीच हरणं तहानेने दुसऱ्या बाजूला उतरतील.

याच भागात एल्क आणि प्राँगहॉर्न ही हरणासारखी दुसरी जनावरंही आहेत. म्यूल डिअरचा पार्श्वभाग पांढरा, शेपूट दोरीसारखी बारीक आणि टोकाला काळी. नराचं शिंग दुभंगतं आणि त्याच्या फांद्या पुन्हा दुभंगतात. शंभर टक्के ओळख पटेपर्यंत बोट ट्रिगरजवळ नेऊ नका. पलीकडे काय आहे हे बघायला रायफलची दुर्बीण कधीही वापरू नका. पलीकडे माणूस असू शकतो.

६. गाडी, पाणी आणि परत यायची व्यवस्था

टोनोपाहून हायवे ६ने ईलीकडे निघालात तर दीडशेहून जास्त मैल पेट्रोल मिळत नाही. ऑस्टिन ते युरेका सत्तर मैल, तेही रिकामे. हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागण्याआधी टाकी भरायची, ती अर्धी असली तरी.

इथला दगड धारदार असतो आणि टायरची बाजू फाडतो. गाडीसोबत आलेले साधे टायर धोक्याचे. जाड बाजूचे ई-रेंजचे टायर घ्या, एक नाही, दोन स्टेपनी न्या, आणि हवा भरायचा पंप, पंक्चर काढायचं साहित्य, फावडं, जॅकखाली ठेवायला फळी.

पाणी माणशी रोजचं एक गॅलन, वर दोन दिवसांचं जादा. झऱ्याचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्या. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही. समुद्रसपाटीवरून आलेल्याला दहा हजार फुटांवर पहिल्या दिवशी डोकं दुखतं, म्हणून निदान एक दिवस आधी पोचा.

फोन लागणार नाही. इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या किंवा भाड्याने आणा. घरच्यांना लेखी सांगून जा: कुठल्या रस्त्याने जाणार, गाडी कुठे उभी असेल, आणि अमुक वेळेपर्यंत संदेश आला नाही तर कोणत्या काउंटीच्या शेरीफला फोन करायचा. टोयाबीचा काही भाग नाय काउंटीत आहे, काही लँडरमध्ये. हे आधी बघून ठेवा.

जुन्या खाणींपासून लांब राहा. नेवाडात उघड्या पडलेल्या विहिरीसारख्या खाणी हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या कडा पोकळ असतात. जुलै-ऑगस्टच्या दुपारी ढग जमले की धारेवरून उतरा, वीज पडते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नका.

७. नेमबाजी

रायफलच्या काडतुसाचं माप .२७०, ६.५ क्रीडमोर, .३०८, .३०-०६, यापैकी काहीही चालेल. कुठली चांगली यावर लोक वर्षभर बोलतात. तो वेळ सरावाला द्या. टेबलवर रायफल टेकून मारणं म्हणजे सराव नव्हे. बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकवून, दम लागलेला असताना मारा. ताटाएवढ्या वर्तुळात पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतात ते तुमचं अंतर. ते दोनशे यार्ड असेल तर दोनशे, त्याच्या पुढे नाही. धनुष्य वापरणार असाल तर त्याचा ताण किमान ४० पौंड लागतो.

रस्त्यावर गाडीत असताना रायफलच्या चेंबरमध्ये (काडतूस उडतं त्या कप्प्यात) काडतूस नको, हा कायदा आहे.

८. शिकारीचे दिवस

मोसम उघडायच्या दोन दिवस आधी पोचा आणि उन्हाळ्यात हेरलेल्या जागा लांबूनच पुन्हा बघा. शिकारीची वेळ सूर्योदय-सूर्यास्ताला बांधलेली असते. त्या वर्षीच्या नियमपुस्तकातली वेळ फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

वाऱ्याला सगळ्यात जास्त मान द्या. सकाळी गार हवा घळीतून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. त्यामुळे सकाळी खालून आणि दुपारी वरून जवळ जायचं. उलट गेलात तर वास आधी पोचतो, आणि हरणाने एकदा वास घेतला की तो उतार त्या दिवसापुरता सोडा. बारीक पावडरची छोटी बाटली जवळ ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी चिमूटभर सोडून बघा.

नर दिसला की लगेच उठू नका. तो बसू द्या. बसलेलं जनावर तासभर तरी तिथेच राहतं आणि तुम्हाला वाट ठरवायला वेळ मिळतो. त्याच्याजवळचं ओळखू येईल असं झाड किंवा खडक नीट ध्यानात ठेवा, शक्य तर फोटो काढा, कारण पलीकडच्या उतारावर पोचल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात. उठलेल्या नराला पूर्ण आडवा होऊ द्या. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात गोळी घाला. त्याचं तोंड तुमच्याकडे असेल, तो पळत असेल किंवा धारेवर आकाशासमोर उभा असेल, तर मारू नका.

नारिंगी जॅकेट नेवाडात सक्तीचं नाही. तरी घाला. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला दिसतो.

९. गोळी लागल्यानंतर

पडलेलं दिसलं तरी काही वेळ थांबा आणि रायफल तयार ठेवा. पळालं असेल तर अर्धा तास तिथेच बसा, ते शेवटचं कुठे दिसलं ती जागा खुणेने पक्की करा, मग माग काढा. जखमी जनावर मिळेपर्यंत शोधणं ही तुमची जबाबदारी आहे, दुसरा दिवस लागला तरी.

सापडलं की फोटोच्या आधी टॅग. त्यावर दिवस आणि महिन्याच्या खुणा करायच्या असतात, त्या तिथल्या तिथे करा. लिंगाचा पुरावा कुठला आणि कसा राखायचा ते टॅगसोबतच्या नियमात वाचा.

पूर्ण वाढलेला नर पाऊणशे ते शंभर किलोचा असतो, आणि तो ओढत आणता येत नाही. पोट न फाडता एका बाजूची कातडी सोलायची, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीचं मांस काढून कापडी पिशव्यांत भरायचं, मग उलटवून दुसरी बाजू. दोन धारदार सुऱ्या, हातमोजे, पाच पिशव्या, हेडलँप. बिनहाडाचं पंचवीस-तीस किलो मांस निघतं. चारही पाय आणि पाठीचं मांस तिथे टाकून येणं हा नेवाडात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते टाकू नये.

मांसाचे तीन शत्रू: ऊन, ओल आणि घाण. सावलीत, वारा लागेल असं टांगा. ऑगस्टमध्ये त्याच दिवशी बर्फाच्या पेटीपर्यंत पोचवा, पण वितळलेल्या पाण्यात मांस भिजू देऊ नका. कॅलिफोर्नियात न्यायचं असेल तर मेंदू आणि पाठीचा कणा नेता येत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगामुळे तसा नियम आहे. सोललेलं बिनहाडाचं मांस आणि साफ केलेली, शिंगं जोडलेली कवटीची पट्टी मात्र नेता येते.

घरी आल्यावर पांढरी चरबी आणि वरचा चिवट पापुद्रा सगळा काढा. हरणाची चरबी गार होताच मेणासारखी टाळूला चिकटते, आणि ‘हरणाच्या मटणाला वास येतो’ ही तक्रार बहुधा तिच्यामुळेच असते. पायाच्या मांसाला रात्रभर दही, आलं-लसूण, हळद लावून ठेवा आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवा. अंगची चरबी नसल्यामुळे तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला. पाठीच्या मांसाचा मात्र रस्सा करू नका. त्याचे बोटभर जाड तुकडे तापलेल्या तव्यावर मीठ-मिरी लावून दोन्ही बाजूंनी भाजा आणि आत गुलाबी असतानाच उतरवा.

१०. अहवाल भरा

शिकार झाली, झाली नाही, किंवा तुम्ही गेलाच नाहीत, तरी टॅग मिळालेल्या प्रत्येकाला खात्याची प्रश्नावली ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरावी लागते. न भरल्यास पुढच्या वर्षी टॅगसाठी अर्ज करता येत नाही, ५० डॉलर भरून हक्क परत मिळवावा लागतो. पुढच्या वर्षीचे टॅग किती काढायचे हे याच आकड्यांवर ठरतं, म्हणून किती दिवस हिंडलात, काय दिसलं, हे खरं लिहा. काही कारणाने जाणं जमणार नसेल तर मोसम सुरू होण्याआधी टॅग परत करा. बोनस पॉइंट परत मिळतात आणि तो टॅग दुसऱ्या कुणाला मिळतो. प्रश्नावली भरताना शिकार परवान्याची मुदतही बघून घ्या. पुढच्या सोडतीचे अर्ज त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच उघडतात.